हातानं दाबायचा क्लच

माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याचशा गाड्या रस्त्यासाठी नव्हत्याच. रस्ता संपला की त्यांचं काम सुरू व्हायचं. जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघणाऱ्या वाटेवर माझं गॅरेज. तिथं मी सारा जन्म जुन्या फोर बाय फोर जीप उघडल्या, जोडल्या, उंच केल्या आणि चिखलात घातल्या. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून गाडीखाली जाणं सोडलंय. स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवतो. दिवाळी अंकासाठी काही लिहा असं सांगणं आलं तेव्हा वाटलं, मिस्त्रीनं काय लिहायचं? पण एक माणूस आणि त्याची बायको यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते दोघं स्वतः कधी लिहिणार नाहीत. म्हणून बसलो.

ज्यांचा या गाड्यांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. ती दोन चाकं चिखलात गरगर फिरायला लागली की उरलेली दोन नुसती बघत राहतात. फोर बाय फोरमध्ये चारही चाकं ओढतात. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असतात. एकानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं गाडी ‘लो’मध्ये टाकायची. लोमध्ये गाडी म्हातारा माणूस चालतो तशी चालते, पण अडत नाही. वर्षानुवर्षं न हलवल्यानं हे दोन्ही दांडे बहुतेक गाड्यांत गंजून बसलेले असायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं ते शोभेला आहेत.

आणि आमची काळी माती. तिच्याइतका कडक परीक्षक मी पाहिला नाही. नांदुऱ्याच्या एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा एकदा आला. हौशी, दिलदार माणूस. त्याला गाडी उंच हवी होती आणि टायर रुंद, जेवढे मिळतील तेवढे रुंद. फोटोत छान दिसतात. मी म्हटलं, काळ्या मातीत रुंद टायर म्हणजे लाटणं. खाचांत माती भरते, आणि मग पोळी लाटल्यासारखं चाक नुसतं वरच्यावर फिरतं. अरुंद टायर माती कापून खाली कडक जमीन शोधतो. तो म्हणाला, तरीपण बसवा. बसवले. पहिल्या पावसाळ्यानंतर तो परत आला तेव्हा ते टायर त्यानं घराच्या गच्चीवर झोक्याला टांगले होते आणि स्वतःच हसत होता. अशी माणसं मला आवडायची. गाडीवर प्रेम करणाऱ्याला सगळं माफ.

पण सांगायचंय ते गजाननभाऊंचं.

उन्हाळा संपत आला होता. दुपारी मी एका गाडीच्या स्प्रिंगचे पाटे उतरवत होतो आणि मागच्या बाजूनं, जिथून फक्त बैलगाड्या येतात त्या पांदणीतून, एक जुनी जीप येताना दिसली. जीप ओळखीची होती. डोंगराच्या पायथ्याला राहणारे गजाननभाऊ, मिरची-वांग्याचे बागायतदार, त्यांच्या वडिलांनी लष्करातून निघालेली ती गाडी घेतली होती. तिचं काम मी पूर्वीही केलेलं. पण मागच्या वर्षी गजाननभाऊंच्या डाव्या पायाला जखम झाली, साखरेनं ती भरू दिली नाही, आणि शेवटी पाय मांडीतून काढावा लागला हे मला कळलं होतं. मग गाडी चालवतंय कोण?

गाडी जवळ आली तेव्हा दिसलं. स्टिअरिंगवर गजाननभाऊच होते. त्यांच्या शेजारी, जवळजवळ गिअरच्या दांड्यावरच, त्यांची बायको बेबीवहिनी बसलेली. तिनं उजवा पाय लांब करून क्लचवर ठेवला होता. भाऊ म्हणायचे ‘दाब’, ती दाबायची. ते गिअर टाकायचे, म्हणायचे ‘सोड’, ती हळू सोडायची. जात्यावर बसलेल्या दोघींचा हात जसा एका लयीत फिरतो तसं ते चाललं होतं. गाडी माझ्या दारात एकही धक्का न खाता थांबली. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या धडधाकट माणसांना इतका मऊ क्लच सोडता येत नाही. मी पान्हा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

वहिनी उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, “भाऊ, माही कंबर गेली. याले काहीतरी करा.”

त्यांची अडचण अशी होती. शेताचा मोठा तुकडा नाल्यापलीकडे, डोंगराच्या अंगाला. नाल्याची चढण ट्रॅक्टरलाही घाम फोडणारी. पाय गेल्यावर थोरल्या भावानं सुचवलं की पलीकडचं शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, कसायला देऊन टाकू आणि जीप विकून टाकू. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला भावाची काळजी होती. पण गजाननभाऊंना ते ऐकायचंच नव्हतं. लाकडी पाय बसवून काठीवर चालायला ते शिकले होते, पण त्या पायाला क्लच कळत नव्हता. किती दाबला, किती सोडला, काही उमगत नव्हतं.

“घरी बसून राह्यलो तं मी म्हातारा होऊन जाईन, मिस्तरी,” ते म्हणाले. एवढंच.

अपंग माणसाला रस्त्यावर गाडी चालवायची तर ती बदलून घ्यायची सरकारी रीत असते, तपासणी असते, परवाना वेगळा असतो. मी त्यांना ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, ते रीतसर करू, आधी पांदणीतून शेतात तर जाऊ द्या.

मी काम घेतलं. उजवा पाय शाबूत होता, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलेटरचा प्रश्न नव्हता. प्रश्न क्लचचा. जुन्या जीपचा क्लच मोटरसायकलसारखा बोटानं दबत नाही, तो अंगाचं वजन मागतो. मी हँडब्रेकसारखा एक उंच दांडा केला, सीटच्या डाव्या हाताला. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो, दगड उचकटायच्या पहारीचं गणित तेच. त्याला ट्रकची जाड केबल जोडली, केबल क्लचला. दांडा मागं ओढला की क्लच दबतो. एक खाच ठेवली. दांडा तिच्यात अडकवला की क्लच दबलेलाच राहतो, हात मोकळा होतो, गिअर टाकता येतो. मग दांडा खाचेतून काढून हळू पुढं सोडायचा. मला स्वतःचं कौतुक वाटलं. गॅरेजच्या मैदानात गजाननभाऊंनी दोन चकरा मारल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी चहा सांगितला.

मैदान सपाट होतं. नाला सपाट नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नाल्यावर गेलो. उतार ठीक उतरला. तळातली वाळू ओलांडली. चढणीच्या मध्यावर पुढचं चाक एका दगडावर चढलं आणि स्टिअरिंगनं झटका दिला. अशा वेळी दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात. गिअर बदलायला भाऊंनी डाव्या हातानं क्लचचा दांडा ओढून धरला होता, तो त्यांनी आपसूक सोडला. दांडा धाडकन पुढं गेला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. मग मागं सरकायला लागली. भाऊंनी ब्रेक दाबला तरी चाकं गोट्यांवरून घसरत होती. वहिनी चालत्या गाडीतून उतरल्या आणि मागच्या चाकाला दगड लावला. गाडी थांबली.

गजाननभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. वर त्यांचं शेत दिसत होतं, कडेची बाभूळ दिसत होती. मग ते म्हणाले की जीप खाली उतरवा, गिऱ्हाइकाला निरोप देतो. मी काही म्हणायच्या आत वहिनी बोलल्या.

“तुमाले क्लच दाबाचाच काऊन आहे?”

भाऊ म्हणाले, गाडी अशीच चालत असते.

“नाई,” वहिनी म्हणाल्या. “इतके महिने दाबून तं मी राह्यली होती. तळातून ते बारकं गिअर टाकलं का चढणीवर मी पाय काढून घेत होती. तिथं लागतच नाई. वरतं गेल्यावर मंग लागते.”

त्यांचं खरं होतं. लोच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू चालते की मध्ये क्लच लागण्याचं कारण नाही. क्लच लागतो तो फक्त निघताना. आणि निघतानाचं बोलणं निघालं तशी मला माझ्या उस्तादाची एक गोष्ट आठवली. लष्करी गाड्यांवर काम केलेला माणूस तो. चढणीवर गाडी बंद पडली तर तो क्लचला हातच लावायचा नाही. गाडी लोच्या पहिल्यात, क्लच सोडलेला, आणि तसाच सेल्फ मारायचा. सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी बॅटरीवरची मोटर. ती इंजिन फिरवते, इंजिन चाकं फिरवतं, आणि गाडी बॅटरीच्या जोरावर मुंगीसारखी वर सरकते. दोन हात सरकली की इंजिन पकडतं. लोच्या पहिल्यातच असल्यानं मागं घसरायची भीती नाही. नव्या गाड्यांत ही सोय ठेवलेली नाही, क्लच दाबल्याशिवाय त्यांचा सेल्फ फिरतच नाही. जुनीला कुणी असं काही शिकवलेलं नव्हतं.

मी खाली उतरलो आणि भाऊंना म्हटलं, गाडी लोच्या पहिल्यात टाका, दांडा सोडून द्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. चावी फिरवायला एक काढा, लगेच परत ठेवा.

त्यांनी चावी फिरवली. सेल्फ कण्हला, गाडी थोडी हलली, मागच्या चाकाच्या दगडापासून वर सरकली आणि इंजिन चालू झालं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गजाननभाऊ चढण चढून वर गेले. आम्ही दोघं खाली राहिलो होतो. वर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, आणि मी चढणीकडं निघालो. वहिनी म्हणाल्या, जरा थांबा भाऊ, आत्ताच नका जाऊ वरतं.

पुढं मी त्या गाडीत ट्रॅक्टरची मोठी बॅटरी बसवली, कारण सेल्फला आता बैलाचं काम होतं. इंजिनाला हवा जाते ती नळी वाढवून काचेच्या उंचीपर्यंत नेली. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा कारभार नसतो, त्यामुळे नाकात पाणी गेलं नाही तर ते पाण्यातही चालतं. टायर अरुंदच ठेवले. जीप विकायचं घरात पुन्हा निघालं नाही. थोरला भाऊच एकदा माझ्याकडं येऊन गाडी चांगली झाली म्हणून गेला.

भादव्यात गजाननभाऊंचा फोन आला की क्लचचा दांडा ढिला वाटतो, जास्त ओढावा लागतो. केबल ताणली असणार. मी नाल्यापलीकडे शेतातच गेलो आणि केबल घट्ट केली. बदलायला नवी केबल सोबत नव्हती. पुढच्या खेपेला आणतो म्हटलं. दुपार उतरत होती. मिरचीची पोती भरली आणि आम्ही तिघं परत निघालो. आमच्यावर पाऊस नव्हता, पण डोंगरावर काळं दिसत होतं.

नाल्यावर आलो तर मध्यभागी एक ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत निंदणाहून परतणाऱ्या बाया, आठ-दहा तरी असतील. ट्रॅक्टरचं चाक वाळूत रुतलं होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. पाणी सकाळी घोट्याएवढं होतं, आता ते ट्रॉलीच्या चाकाच्या मध्यावर आलं होतं आणि गढूळ झालं होतं. आमच्याकडच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. डोंगरात पडलेलं पाणी निघालेलं असतं. बाया ट्रॉलीत उभ्या होत्या. ओरडत नव्हत्या, एकमेकींना धरून होत्या.

गजाननभाऊंनी गाडी काठावर थांबवून पाणी पाहिलं. मग पोती खाली टाकायला सांगितली. आम्ही टाकली. ते माझ्याकडं वळले.

“मिस्तरी, तुमी उतरा. दोन बाया जास्त बसतीन.”

मी उतरलो. वहिनींना त्यांनी उतर म्हटलं नाही, आणि त्या उतरल्याही नाहीत.

गाडी लोमध्ये टाकून ते पाण्यात शिरले. त्यांनी गाडी सरळ नेली नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगानं वळसा घेऊन ट्रॉलीच्या आडोशाला लावली, म्हणजे पाण्याचा जोर ट्रॉलीनं झेलला आणि जीपला शांत पाणी मिळालं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दांडा खाचेत अडकवला, पाय ब्रेकवर, इंजिन चालू. गिअर त्यांनी काढला नाही. जुना गिअर, एकदा काढला आणि ऐन वेळी पडलाच नाही तर काय? वहिनी मागं उभ्या राहून एकेकीला मनगटाला धरून आत घेत होत्या. अर्ध्या बाया आल्या. भाऊंनी दांडा हळू सोडला, पलीकडच्या काठावर नेऊन त्यांना उतरवलं आणि गाडीचं तोंड गावाकडंच ठेवून ती रिव्हर्सनं परत ट्रॉलीच्या आडोशाला आणली, पुन्हा लोच्या पहिल्यात टाकली.

दुसऱ्या खेपेला पाणी जीपच्या पायरीवर आलं होतं. बाकीच्या बाया चढत होत्या, शेवटी ट्रॅक्टरवाला होता. मी अलीकडच्या काठावर होतो. तिथून मला तो आवाज ऐकू आला. चाबकासारखा. माझी केबल तुटली होती.

क्लच एकदम सुटला. गाडीनं उसळी घेतली आणि इंजिन बंद पडलं. चढत असलेली एक बाई तोल जाऊन बाहेर लोंबकळली; वहिनींनी तिचं मनगट सोडलं नाही, दोघी बायांनी मिळून तिला आत ओढलं. इंजिन बंद पडल्यावर पाण्याचा आवाज केवढा मोठा आहे ते कळलं. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो होतो हे मला नंतर लक्षात आलं. जाऊन करणार काय होतो?

गजाननभाऊंनी मागं वळून पाहिलं. “बसल्या का साऱ्या?”

“हाव,” वहिनी म्हणाल्या. “निंघा.”

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले. मग एक काढून चावी फिरवली.

सेल्फ कण्हला. पुन्हा कण्हला. गाडी भरलेली, खाली वाळू, समोर पाणी, आणि ओढायला फक्त एक बॅटरी. मला वाटलं आता मोटर जळणार. मग चाक थोडं फिरलेलं दिसलं. वीतभर. आणखी वीतभर. गाडी ट्रॉलीच्या आडोशातून बाहेर आली तसा पाण्यानं तिला ढकललं, पण ती गिअरमध्ये होती, तिनं जमीन सोडली नाही. सायलेन्सरमधून बुडबुडे आले, धुराचा एक काळा गोळा पाण्यावर आला, आणि इंजिन लागलं. मी आयुष्यात कितीतरी इंजिनं चालू केली. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच इंजिनाचा मला ऐकू आलेला नाही.

ते चढण चढून वर गेले आणि थांबले नाहीत. थांबणार कसे? क्लच नव्हता. गिअर बदलता येत नव्हता, आणि आता इंजिन बंद केलं तर भिजलेला सेल्फ पुन्हा फिरेल याची खात्री नव्हती. पहिल्या खेपेच्या बाया काठावर उभ्या होत्या, त्या गाडीबरोबर चालू लागल्या. मी वरच्या अंगाला असलेल्या जुन्या दगडी बांधावरून कसाबसा पलीकडे आलो आणि धावत जाऊन त्यांना गाठलं. धावायची गरज नव्हती. जीप माणसाच्या चालीनंच चालली होती. आत ओल्या बाया, बाहेर चालणाऱ्या बाया, मध्ये स्टिअरिंगवर ताठ बसलेले गजाननभाऊ. गावात लोक ओट्यावरून उठून बघायला लागले, वाटेतली गुरं बाजूला करायला लागले. मी बोनेटवर हात ठेवून चाललो होतो. का, ते मला सांगता येणार नाही. मला ती तुटलेली केबल खुपत होती, आणि तरी हात काढवत नव्हता.

घरासमोर त्यांनी इंजिन बंद केलं. गाडी एक आचका देऊन थांबली. बाया उतरू लागल्या. कुणी हात जोडले, कुणी नुसतंच वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेली. ट्रॅक्टरवाला खाली बसून रडत होता. सगळे उतरले, पण मागच्या बाकावर एक म्हातारी मजूर तशीच बसून राहिली. लुगडं पिळत होती. वहिनींनी तिला हात दिला तर तिनं मान हलवली.

“माहं घर तिकडं टोकाले आहे,” ती गजाननभाऊंना म्हणाली. “पाय थरथरून राह्यले माहे. मले घरापोत सोड, बापा.”

गजाननभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी बोनेटवरचा हात काढला. त्यांनी चावी फिरवली, सेल्फ एकदाच कण्हला, आणि म्हातारीला घेऊन जीप गावाच्या टोकाकडं निघाली.